पहिला उंच वाफा, ४ बाय ८ फूट: न्यू जर्सी, मार्च महिना

पानफुटी
मध्य न्यू जर्सीत मागच्या अंगणात एक रेझ्ड बेड करायचा आहे. मूळ जमीन चिकणमातीची, पाऊस पडला की पाणी हटत नाही, म्हणून थेट जमिनीत लावायचं नाही. पहिल्या वर्षी एकच वाफा. आराखडा देतेय, बिनधास्त चिरफाड करा.

माप ४ बाय ८ फूट, उंची ११ इंच (दोन बाय सहाच्या फळ्यांचे दोन थर). जागा मेपलपासून १५ फुटांवर, सध्या दिवसभर ऊन असतं. तळाला काळं वीड फॅब्रिक (तणरोधक कापड), वर दुकानातून पोत्यांनी माती आणून भरणार. मार्चअखेर मटार, पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा. एप्रिलअखेर टोमॅटो, भेंडी, मिरची, वांगी आणि दुधीचे दोन वेल.

प्रश्न तीन: लाकूड कोणतं, माती नेमकी किती, आणि यादीत कशाची वेळ चुकतेय? "आधी कुंडीत लावून बघा" सोडून कुठलाही सल्ला चालेल.

माळीबुवा
लाकूड-माती नंतर. आधी जागा बदला.

मार्चमधलं ऊन दोन्ही बाजूंनी फसवतं. मेपलला आत्ता पानं नाहीत, त्यामुळे खाली लख्ख ऊन दिसतं. मेच्या मध्यावर झाड भरलं की तिथे दोन-तीन तासांचं कवडशांचं ऊन उरतं. टोमॅटो-मिरचीला ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. उलट घराची सावली आत्ता लांब आहे, ती जूनमध्ये आखडते. तुमच्या अक्षांशावर २५ फूट उंच घराची भर दुपारची सावली २० मार्चच्या सुमारास २१ फूट असते आणि २१ जूनला जेमतेम साडेसात. म्हणजे आज "इथे सावली आहे" म्हणून सोडलेली, घराच्या उत्तरेकडची १०-१२ फुटांवरची जागा उन्हाळ्यात चांगली निघू शकते. मात्र घड्याळातली दुपार १२ धरू नका. घड्याळं एक तास पुढे गेली की तुमच्याकडे सूर्य एकच्या सुमारास डोक्यावर येतो.

दुसरं, मेपलची मुळं उथळ आणि तंतुमय. भुसभुशीत, ओली माती मिळाली की एक-दोन हंगामांत ती खालून वाफ्यात शिरतात. पाणी-खत तुम्ही घालाल, पोसाल मेपलला. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या बाहेर पुरेसं सरका. आणि झाड मेपल नसून काळा अक्रोड असेल तर विषयच संपला, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने टोमॅटो, वांगी, मिरची उभ्या उभ्या कोमेजतात.

शेंगोळे
मेपल कापून त्याच्याच फळ्या केल्या तर पहिला प्रश्नही सुटतो.

खुरपं
शेंगोळे, मेपलची फळी मातीत दोन वर्षंही टिकायची नाही. जरा कामाचं लिहितो.

दुकानात 'दोन बाय सहा' म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच असते. दोन थरांचे बरोबर ११ इंच होतात, तुमचा हिशोब नीट आहे. आठ फुटी फळ्या सहा घ्या: चार लांब बाजूंना, दोन मधोमध कापून आखूड बाजूंना. दुकानात कापूनही देतात.

चार कोपऱ्यांत आतून चार बाय चारच्या खांबाचा ११ इंचांचा तुकडा. फळी त्याला ३ इंची डेक स्क्रूने, प्रत्येक टोकाला दोन. फळी फळीला टोकाटोकाने जोडू नका. लाकडाच्या छेदावर स्क्रूची पकड कमी असते, दोन हिवाळ्यांत कोपरा उघडतो.

सगळे विसरतात ते असं: आठ फूट लांबीत ओल्या मातीचा दाब मध्यावर येतो आणि फळी पोट काढते. दोन्ही लांब बाजूंना मध्यावर बाहेरून दोन फुटी खुंट, एक फूट जमिनीत ठोकून फळ्यांना स्क्रूने जोडा. खुंट ठोकायच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वायर आणि पाइप आखून घ्या. सेवा फुकट आहे, आळस महागात पडतो.

माती भरण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की चौकट काटकोनात. उतार असेल तर वरची बाजू खणून खाली बसवा. खालच्या बाजूला विटा-दगडांचे टेकू दिलेत तर पहिल्याच वळवात तिथून माती वाहून जाईल.

पानफुटी
हे सोन्यासारखं आहे. जागा उद्या परत बघते. पण लाकूड कुठलं ते राहिलं. सीडर परवडत नाही. प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) विषारी असतं म्हणतात.

खुरपं
आर्सेनिकवालं जुनं ट्रीटेड लाकूड अमेरिकेत घरगुती वापरासाठी २००३ च्या अखेरीस बंद झालं. हल्ली तांब्यावर आधारित असतं. त्यातलं थोडं तांबं फळीलगतच्या मातीत उतरतं, भाजीत जाण्याइतकं नव्हे. तरी मन मानत नसेल तर आतून जाड प्लॅस्टिक लावा, फक्त बाजूंना, तळाला नको. या लाकडाला साधे स्क्रू चालत नाहीत, तांब्याने गंजतात. कोटिंगचे किंवा स्टेनलेसच घ्या.

साधं पाइन तीन ते पाच वर्षं, सीडर दहाच्या आसपास. पहिलाच वाफा असेल तर साधं पाइन घ्यावं असं माझं मत. जागा चुकली तर तीन वर्षांनी हलवताना जिवावर येत नाही.

टेम्सकाठ
एक भर. जुने रेल्वे स्लीपर फुकट मिळतात म्हणून आणू नका. इकडे इंग्लंडमध्ये बागांतून सर्रास दिसतात, पण जुने बहुतेक क्रिओसोटमध्ये (डांबरी लाकूडरक्षक तेलात) मुरलेले. ऊन तापलं की काळा चिकट द्रव पाझरतो. भाजीच्या वाफ्याला अजिबात नको. बागेसाठी म्हणून नवे, क्रिओसोट नसलेले विकतात ते चालतात.

सरीवरंबा
नाशिकहून. तुमची सुतारकामं वाचून मौज वाटते. आमच्याकडे कांद्याचं रोप टाकायला गादीवाफे करतात: मीटरभर रुंद, १५ सेंटीमीटर उंच, लांबी रान असेल तशी. ना फळी ना स्क्रू. माती भुसभुशीत करायची, कुजलेलं शेणखत मिसळायचं, दोन्ही बाजूंची माती ओढून गादी करायची, माथा सपाट आणि कडा तिरक्या. पाण्याचा निचरा झाला की उंच वाफ्याचं काम झालं. चौकट ही हौस आहे, गरज नाही.

मृदगंध
सरीवरंबा यांच्याशी बहुतेक सहमत. वाफा उंच असल्याने तीन गोष्टी मिळतात: निचरा, वसंतात लवकर ऊब आणि पायाखाली न तुडवलेली माती. तिन्ही चौकटीशिवाय मिळतात. पण तिकडे हिवाळाभर माती गोठते-वितळते, तिरक्या कडा ढासळतात आणि दर वसंतात पुन्हा ओढाव्या लागतात. शिवाय पानफुटींकडे मूळ मातीच चिकण आहे, बाहेरून आणलेली हलकी माती धरून ठेवायला कड लागेल. म्हणून चौकट.

आता माती. ४ × ८ × ११ इंच म्हणजे सुमारे २९ घनफूट. घनयार्ड २७ घनफुटांचा, म्हणजे एका यार्डाहून थोडी जास्त. पण मोकळी माती पहिल्या दोन-तीन पावसांत पाचवा हिस्सा बसते. सव्वा यार्ड मागवा. दीड घनफुटी पोत्यांनी भरायचं तर २२-२३ पोती होतील. त्या खर्चात सुट्टी माती घरपोच येऊन वर पैसे उरतात. स्वतःच्या पिकअपमध्ये आणायचा मोह नको, ओल्या मातीचा एक यार्ड टनाच्या आसपास भरतो.

मिश्रण: निम्म्याहून थोडी जास्त चाळलेली टॉपसॉइल, एक तृतीयांश कंपोस्ट, उरलेलं कोकोपीट किंवा पानांचा कुजवा. "नुसतं कंपोस्ट घातलं तर आणखी चांगलं" हा समज सोडा. नुसतं कंपोस्ट वर्षभरात निम्मं बसतं, सुकलं की पाणी आत घेत नाही, आणि क्षार जास्त असतील तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

केळफूल
आणि माती आल्यावर हात घालून बघा. आतून गरम लागली किंवा वाफ निघत असली तर कंपोस्ट अजून कुजतंय. ताडपत्रीखाली दोन-तीन आठवडे ठेवा. अर्धवट कुजलेला लाकडाचा भुसा असेल तर तो कुजताना मातीतलं नत्र ओढतो आणि पालक पिवळा पडून बसतो.

गवतीचहा
घोड्याचं शेणखत "फुकट, घेऊन जा" अशा पाट्या मार्चमध्ये फार दिसतात. त्यात एक छुपी भानगड आहे. गवतावर मारलेलं काही रुंदपानी तणनाशक घोड्याच्या पोटातून, खतातून, कंपोस्टमधूनही तसंच जिवंत बाहेर येतं. टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे गुंडाळतात, मटार-घेवड्याची पानं वाटीसारखी वळतात, आणि वाफा वर्ष-दोन वर्षं वाया.

चाचणी सोपी. तीन कुंड्यांत ते खत अर्धं आणि विकतची कुंडीची माती अर्धी, तीन कुंड्यांत फक्त विकतची माती. प्रत्येकीत चार-पाच घेवड्याचे दाणे. तीन आठवडे बघा. पहिल्या तिन्हींत नवी पानं वळलेली आली तर खत घेऊ नका. हे आत्ता, घरात खिडकीशी सुरू करता येईल.

पानफुटी
ही चाचणी आजच लावते, शेजारच्या गावात खरंच अशी पाटी आहे! वीड फॅब्रिकबद्दल कोणी बोललं नाही?

माळीबुवा
नको. त्याची भोकं चिकणमातीने बुजतात, मुळं अकराव्या इंचाला अडतात, पाणी तिथेच साचतं. ज्या कारणासाठी वाफा उंच केला तेच बोंबलतं. साधा तपकिरी पुठ्ठा घ्या, चिकटपट्ट्या आणि स्टेपल काढा, रंगीत चकचकीत छपाईचा नको. सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून पसरा, चिंब भिजवा, वर माती. खालचं गवत मरतं, पुठ्ठा हंगामभरात कुजतो आणि मुळं खाली उतरतात. पुठ्ठ्याआधी मूळ जमिनीत गार्डन फोर्क खुपसून नुसता हलवा, उलथू नका. मात्र हे वाफसा आल्यावरच. मुठीत माती दाबा, बोट लावल्यावर गोळा फुटला तर काम करा. चिकट राहिला तर घरी जा, चहा प्या.

खाडीपलीकडे
कॅलिफोर्नियात, बे एरियात पुठ्ठ्याआधी अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी टाकावीच लागते, फळ्यांच्या खालच्या कडेला स्टेपल करून. गोफर (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) खालून येतो आणि गाजर जमिनीत ओढून नेतो. कोंबडीजाळी चालत नाही, लवकर गंजते. न्यू जर्सीत गोफर नाहीत ना?

माळीबुवा
गोफर नाहीत, ग्राउंडहॉग (घुशीसारखा, पण बराच मोठा, पाला खाणारा प्राणी) आहेत. ते वाफ्याच्या तळातून येत नाहीत, समोरच्या दाराने येतात. एका सकाळीत आख्खा मटार साफ. चार फुटी जाळीचं कुंपण, वरचा फूटभर भाग खांबांना न बांधता सैल, बाहेर झुकता ठेवायचा. चढताना जाळी डुगडुगली की मागे फिरतात. खालची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून जमिनीवर पिनांनी ठोका. ते कुंपणाच्या अगदी पायथ्याशीच उकरतात. सशांसाठीही हेच पुरतं. हरणांना पुरत नाही, पण अरुंद बंदिस्त जागेत उडी मारायला हरीण सहसा कचरतं.

शेंगोळे
म्हणजे किल्ला बांधून आत मेथी लावायची.

गवतीचहा
शेंगोळे, हसा. मेथी मात्र ग्राउंडहॉगलाही आवडते.

आता तारखा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा 'झोन' हिवाळ्यातलं किमान तापमान सांगतो, पेरणीची तारीख नाही. पेरणीला दोन गोष्टी बघायच्या, शेवटचा फ्रॉस्ट (वसंतातली शेवटची गोठवणारी रात्र) आणि मातीचं तापमान. मध्य न्यू जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, गावागणिक आणि वर्षागणिक सरकतो. म्हणून टोमॅटो 'मदर्स डे'नंतर (मेचा दुसरा रविवार) असा तिथला ठोकताळा. मातीसाठी स्वयंपाकघरातला मांसाचा थर्मामीटर चालेल. सकाळी आठला, तीन इंच खोल, सलग तीन-चार दिवस.

४० ते ४५ फॅरनहाइट: मटार, पालक, मुळा. मटार एक इंच खोल, दोन इंचांवर, जाळीच्या दोन्ही बाजूंना.
५० च्या पुढे: मेथी, शेपू, गाजर, कोथिंबीर. म्हणजे तुमच्याकडे एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. मार्चअखेर मेथी टाकली तर मरत नाही, पण दाणे गार चिखलात पडून राहतात, थोडे कुजतात आणि उगवण पातळ येते.
६० च्या पुढे: घेवडा, चवळी.
७० च्या आसपास: भेंडी, गवार, अंबाडी, लाल माठ, दुधी, कारली. मेचा शेवटचा आठवडा किंवा जून. एप्रिलअखेर भेंडी म्हणजे बी वाया.

टोमॅटो, मिरची, वांगी यांचं बी आत्ता घरात. मिरची आणि वांगी लागलीच, त्यांना आठ-दहा आठवडे लागतात. मिरचीच्या बियाला खालून ८० फॅरनहाइटची ऊब हवी, नाहीतर तीन आठवडे काही हलत नाही. टोमॅटो महिनाअखेर. रात्री ५० च्या खाली जात असताना बाहेर लावलेला टोमॅटो मरत नाही, पण पानं जांभळी पडतात आणि तो रुसून बसतो. मेच्या मध्यावर लावलेला त्याला जूनमध्ये गाठतो.

केळफूल
घरातली रोपं खिडकीत ठेवली की लांबुडकी होऊन आडवी पडतात. साधी एलईडी ट्यूब शेंड्यापासून दोन-तीन इंचांवर, रोज १४-१६ तास. पाणी खालच्या ताटात, वरून शिंपडू नका. रोप मातीलगत बारीक होऊन कोलमडलं की ती बुरशी, त्यावर इलाज नाही, शेजारची वाचवायची. आणि बाहेर नेण्याआधी आठवडा-दहा दिवस हळूहळू उन्हा-वाऱ्याची सवय. पहिल्या दिवशी सावलीत तासभर.

डॅलसकर
धागा वाचणाऱ्या टेक्सासवाल्यांनी वरच्या तारखा कॉपी करू नका रे बाबांनो. डॅलसला शेवटचा फ्रॉस्ट मार्चच्या मध्याला. मटार-पालक फेब्रुवारीतच, टोमॅटोची रोपं मार्चच्या उत्तरार्धात. जुलैत रात्रीसुद्धा ७५ च्या खाली येत नाही तेव्हा टोमॅटोचं फूल गळतं, म्हणून त्याआधी फळ धरायला हवं. आणि पत्र्याचे १७ इंची वाफे घेणाऱ्यांनी आधी मातीचा हिशोब करा: त्याच ४ बाय ८ ला १७ इंच म्हणजे ४५ घनफूट, पावणेदोन यार्डांना थोडंच कमी. वाफा स्वस्त, माती महाग.

हिरवीगार
उंच वाफ्यात तळाला ओंडके आणि फांद्या भरल्या तर माती वाचते ना?

मृदगंध
दोन फूट उंच असेल तर वाचते. ११ इंचांत नको. ओंडका कुजतो तशी वरची माती खचते आणि मुळांना उरतात पाच-सहा इंच.

मिठाचा_खडा
अवांतर: घरातले मेथीदाणे आणि धने पेरले तर उगवतात का? की पाकीटच हवं?

गवतीचहा
मेथीदाणे बेलाशक. २ बाय २ फुटांना एक मोठा चमचा, रात्रभर भिजवून, फोकून टाका आणि वर पाव इंच माती. धने जुने किंवा भाजलेले नसतील तर उगवतात. मूठभर ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. पेरताना लाटण्याने हलके दाबून दोन डाळिंब्या वेगळ्या करायच्या, भुगा नाही. अर्धा इंच खोल. उगवायला दोन आठवडे लागतात, त्या काळात वरचा थर एकदाही सुकू द्यायचा नाही. एकदम सगळी पेरू नका. दर तीन आठवड्यांनी हातभर ओळ टाका, कारण जूनच्या उन्हात कोथिंबीर फुलावर जाणारच. तुऱ्याला कात्री लावून थांबत नाही.

मिठाचा_खडा
आणि पालक? इथलं स्पिनॅच म्हणजे आपला पालक नाही असं ऐकलं.

गवतीचहा
बरोबर. आपल्याकडचा देशी पालक, 'ऑल ग्रीन' वगैरे, बीटच्याच प्रजातीतला. बी खडबडीत, एका गोळ्यात दोन-तीन कोंब येतात, विरळणी करावी लागते. स्पिनॅच मार्चमध्ये चांगलं, दिवस मोठा झाला की तुरा टाकतं. देशी पालक उन्हात तग धरतो, कापत राहिलं तर पावसाळ्यापर्यंत. म्हणजे आपल्या पावसाळ्यापर्यंत, ऑगस्ट. मार्चअखेर स्पिनॅच आणि मेच्या सुरुवातीला देशी, असं दोन्ही लावा. नागअळी दोघांनाही लागते. पानाखाली पांढऱ्या अंड्यांच्या बारीक रांगा दिसल्या की बोटाने चिरडा, नाहीतर पहिल्या दिवसापासून वर पातळ रो कव्हर (ओळीवर अंथरायचं कापड).

रच्याकने, भारतातून येताना बॅगेत बी आणण्याबद्दल कोणी विचारायच्या आधी: रोगकीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र किंवा परमिट लागतं आणि विमानतळावर जाहीर करावं लागतं. देशी भाज्यांचं बी अमेरिकेतच विकणाऱ्या कंपन्या आहेत. तिथून घ्या.

सरीवरंबा
पाण्याचं कोणी बोललं नाही. उंच वाफा लवकर तापतो तसा लवकर सुकतो. आमच्याकडे फेब्रुवारीत उन्हाळी भाजी लावताना म्हणूनच गादीवाफ्याऐवजी सरी किंवा सपाट वाफा करतात, पाणी मुळाशी राहावं म्हणून. पुण्या-नागपूरच्या वाचकांनी हा धागा बघून उन्हाळ्याच्या तोंडावर फूटभर उंच वाफे करू नयेत. केलेच तर पाचटाचं किंवा गवताचं जाड आच्छादन हवं.

खुरपं
पूर्ण सहमत. पानफुटींसाठी आकडा: आठवड्याला एक इंच पाणी म्हणजे या ३२ चौरस फुटांना २० गॅलन. जुलैत दीडपट-दुप्पट. ठिबकची सोय आत्ताच करा, माती भरल्यावर नळी कोपऱ्यातून आत घेणं कटकटीचं. नळाला आधी बॅकफ्लो प्रिव्हेंटर (पाणी उलटं नळात जाऊ न देणारा), मग फिल्टर, मग दाब कमी करणारा २५ पीएसआयचा रेग्युलेटर. तिथून अर्धा इंची नळी वाफ्याच्या आखूड बाजूपर्यंत, आणि त्यावरून पाव इंची, सहा-सहा इंचांवर ड्रिपर असलेल्या चार नळ्या लांबीने, फूट-फूट अंतरावर. रेग्युलेटर वगळला की नळाच्या दाबाने सांधे निसटतात.

पानफुटी
जागा बदलली. घराच्या बाजूला, मेपलपासून ३५ फूट, लांबी पूर्व-पश्चिम. सुधारित बेत: उत्तरेच्या आठ फुटी बाजूला मांडव. मार्चअखेर मांडवाशी मटार, पुढे स्पिनॅच आणि मुळा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मेथी, शेपू, कोथिंबीर. मेच्या मध्यावर टोमॅटो ४, मिरची ४, वांगी २. मेअखेर भेंडी ६, मटाराच्या जागी दुधी २ आणि कारलं १. सव्वा यार्ड माती ठरवली. घराजवळ असल्याने आणखी काही बघायचं?

मृदगंध
घर १९७८ च्या आधीचं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. भिंतीपासून शक्य तितकं लांब ठेवा आणि मूळ माती तपासून घ्या, कारण मुळं पुठ्ठ्याखाली जाणार. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. शिशाची तपासणी वेगळी सांगून मागा. सोबत सामूही (पीएच) कळेल, ६.२ ते ६.८ हवा. रिपोर्ट येईपर्यंत चुना घालू नका.

माळीबुवा
झाडं फार झाली. टोमॅटोला दोन फूट धरा, चार टोमॅटोंनी निम्मा वाफा गेला. मिरची दीड फूट, वांगी दोन फूट, भेंडी एक फूट. तुमची यादी ३२ चौरस फुटांत मावत नाही. टोमॅटो २, मिरची ३, वांगं १, भेंडी ६ एका ओळीत. भेंडी सहापेक्षा कमी लावू नका, एका वेळच्या भाजीपुरती कधी निघणारच नाही.

आणि दुधी एकच. एक वेल २० फुटांपर्यंत सहज जातो. कारलं पुढच्या वर्षी. मटार जूनअखेरपर्यंत उभा असतो, म्हणून दुधीचं रोप मेअखेर मांडवाच्या एका टोकाला लावा. मटार उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं तिथेच राहू द्या.

शेंगोळे
दोन दुधी लावल्या तर ऑगस्टमध्ये शेजारी तुम्हाला बघून दार लावून घेतात. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला मग दुधी हलवा, दुधी कोफ्ता, दुधीचे मुटके, आणि यजमानांना भेट म्हणून दुधी.

केळफूल
एकच लावली तरी शेजारी सुटत नाहीत. पण फळ धरायला थोडी मदत लागते. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, मधमाश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात, परागीकरण रात्रीच्या पतंगांवर. फुलाच्या देठाशी बोटभर, लव असलेली इवली दुधी दिसते ती मादी. सडसडीत देठाचं नर फूल तोडून पाकळ्या मागे मुडपा आणि मादीच्या मधोमध फिरवा. अंधार पडता पडता. नाहीतर ती इवली दुधी चार दिवसांत पिवळी पडून गळते आणि लोक खत घालत बसतात. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्यात काळजीचं काही नाही.

आणि कापल्यावर चिमूटभर चाखून बघा. कडू लागली तर आख्खी फेकून द्या. शिजवून विष जात नाही.

पानफुटी
दुधी एक, कारलं रद्द, मंजूर. मांडव कशाचा? बांबू आणि सुतळी पुरेल?

खुरपं
मटाराला पुरेल, दुधीला नाही. ऑगस्टच्या वादळी पावसात आख्खा मांडव पाल्यासकट आडवा होतो. गुरांच्या कुंपणाचं कडक तारेचं पॅनल मिळतं, १६ फूट लांब, ५० इंच रुंद. दुकानात बोल्ट कटरने निम्मं कापून घ्या, आठ फूट बरोबर तुमच्या बाजूला बसेल. सहा फुटी लोखंडी टी-पोस्ट तीन, दोन टोकांना आणि एक मध्ये, दीड फूट जमिनीत. पॅनल जमिनीपासून थोडं वर धरून तारेने बांधा. पोस्ट वाफ्याच्या बाहेर ठोका, आत नाही. आणि ८११ ला पोस्टची जागाही सांगा, फक्त खुंटांची नको.

फळ्या घेताना प्रत्येक फळीच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. लांबीत थोडी कमान चालते, ती खुंटाला आवळली की सरळ होते. पीळ असलेली घेऊ नका, ती शेवटपर्यंत बसत नाही. ढिगातली वरची दहा-बारा बाजूला काढावी लागतात. दुकानातले लोक बघतात. बघू द्या.